दोन पिंगळ्यांमधली रेषा

हे मनन सावकाश वाचायचं आहे. मधे मधे थांबायचं आहे. जमेल तसं बसा, पाठ सैल सोडा, श्वास त्याच्या गतीनं येऊ-जाऊ द्या. डोळे मिटायची गरज नाही, कारण आज आपलं काम पाहण्याचंच आहे.

एक ओळखीचा पक्षी मनासमोर आणूया. पिंगळा. गावाबाहेरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या भगदाडात, शहरातल्या एखाद्या पिंपळावरही तो राहतो. दिवेलागणीला बाहेर येतो, तारेवर बसतो, मान खाली-वर करत आपल्याकडे टक लावून पाहतो. जोडीदाराबरोबर मोठा कलकलाट करतो. त्याच्या बोलण्यावरून शकुन सांगण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे.

त्याला नीट न्याहाळा. डोक्यापासून सुरुवात करा. डोक्यावर बारीक पांढरे ठिपके आहेत. पाठीवरही आहेत. छातीवर आणि पोटावर तपकिरी, तुटक खुणा आहेत. डोळे पिवळे. इतकंच. थोडं थांबा आणि हे चित्र मनात पक्कं होऊ द्या.

आता शेजारी दुसरा पक्षी आणूया. हा गावात नाही. हा सागाच्या विरळ रानात, दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर बसला आहे. उंचीनं साधारण पहिल्याएवढाच. पण डोकं मोठं वाटतं, आणि डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. पाठ गडद, करडी-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. छाती एकसारखी तपकिरी आणि तिच्याखाली पोट पांढरं. पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. मधूनच तो शेपटीला झटका देतो. हा रानपिंगळा.

दोघांना शेजारी शेजारी राहू द्या. लगेच काही ठरवू नका. आधी एक प्रश्न मनाशी विचारा: हे फरक कोणी सांगितले नसते, तर यातले किती माझ्या नजरेला आले असते?

उत्तर काहीही येऊ दे. त्या उत्तराजवळ थोडा वेळ राहूया.

✻

या दोन पक्ष्यांमध्ये पहिल्यांदा लेखी रेषा ओढली गेली ती १८७३ साली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या हाती मध्य भारतातून आदल्या वर्षी मिळालेला एक पक्षी आला. त्यांनी तो पाहिला, इतरांशी ताडून पाहिला आणि हा वेगळा आहे असं नोंदवलं. ज्यांनी तो मिळवला त्या ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं.

त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत आणखी थोडेच पक्षी मिळाले. बहुतेक खानदेशातून, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं गोळा केलेले. शेवटचा १८८४ सालचा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याची सात कातडी. पुढे काही नाही. वर्षं गेली, दशकं गेली. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी शोध घेतला, तरी हाती काही आलं नाही. पक्षी संपला, असं बरेच जण मानू लागले.

ही सात कातडी मनासमोर आणा. संग्रहालयाचा एक उथळ कप्पा. त्यात कापूस भरलेले पक्षी, पाठीवर झोपवलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. तिच्यावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव.

हे पक्षी मारले गेले होते, हेही मनात येऊ द्या. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीनंच होत असे. ते आपल्याला आज रुचणार नाही, आणि ते दडवायचंही कारण नाही. पण तो पक्षी मेल्यानंतर त्याच्याबद्दल खरं बोलणारं एकच उरलं होतं, ती चिठ्ठी. कुठे होता, केव्हा होता. त्या दोन ओळींवर पुढची सगळी भिस्त.

आता इथे जरा जास्त थांबायचं आहे. कारण या चिठ्ठ्यांमध्ये एक खोटी होती.

रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक होता. त्याच्या काळात त्याचा मोठा दबदबा होता. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचं एक कातडं होतं आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं की ते १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळालं. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनी, नव्या ठिकाणी. ज्यांना रानपिंगळा शोधायचा होता त्यांच्यासाठी ही सर्वांत ताजी खूण. तिच्या आधारानं शोध झाला आणि पक्षी सापडला नाही. सापडणार कसा? ते कातडं डेव्हिडसननं गोळा केलेल्यांपैकीच एक होतं. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेलं, नव्यानं भरलेलं, आणि त्याला बनावट चिठ्ठी बांधलेली.

रागावू नका, किंवा राग आलाच तर येऊन जाऊ द्या. नंतर हे पाहा: त्या लबाडीनं कोणाचं नुकसान झालं? संग्रहालयाचं झालं, विद्वानांचं झालं. पण सर्वांत जास्त त्या जिवंत पक्ष्याचं झालं, ज्याला संग्रहालय म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. तो ज्या रानात होता तिकडे कोणी पाहत नव्हतं. तिथली झाडं तुटत होती, शेतं पुढे सरकत होती, आणि त्या रानाच्या बाजूनं हा एक शब्द कोणी बोलू शकत नव्हतं की, इथे असा एक पक्षी राहतो जो जगात फार कुठे नाही.

अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही कातडी बारकाईनं तपासली. शिवण पाहिली, भराव पाहिला. मांडवीची नोंद त्यांनी बाजूला काढली आणि ज्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्यांच्यावर विश्वास ठेवला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, त्यांना रानपिंगळा दिसला. जिवंत. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. शेवटच्या नोंदीनंतर ११३ वर्षं गेली होती.

श्वास घ्या. ही ११३ वर्षं मनात मोजण्याचा प्रयत्न करा. तेवढ्या काळात रानपिंगळ्यांच्या किती पिढ्या सागाच्या ढोल्यांत वाढल्या असतील. ते हरवलेले नव्हते. आपली नजर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, इतकंच.

✻

आता मनात उलटा विचार करून पाहूया. समजा, ह्यूम यांनी ती रेषा ओढलीच नसती. समजा, त्या पक्ष्याकडे पाहून कोणी म्हणालं असतं, पिंगळाच आहे, जरा वेगळ्या ठेवणीचा. आणि तसंच चालू राहिलं असतं.

मग काय झालं असतं? साधा पिंगळा भारतभर आहे. शेतात आहे, वस्तीत आहे, त्याची चिंता करावी अशी स्थिती नाही. रानपिंगळे त्याच बेरजेत मिसळून गेले असते. ते कमी झाले असते तरी बेरीज हलली नसती. शेवटचा गेला असता तरी कागदावर काहीच घडलं नसतं. प्रजाती नष्ट झाल्याची नोंद व्हायलासुद्धा आधी ती प्रजाती आहे अशी नोंद लागते.

या वाक्याजवळ थांबा. ते कठोर आहे. पण वर्गीकरणाचं काम किती निकडीचं आहे ते त्यातच आहे.

अगदी असंच आफ्रिकेतल्या हत्तींच्या बाबतीत घडत होतं. कित्येक वर्षं धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत आफ्रिकी हत्ती एकच धरला जाई आणि त्याची स्थिती ‘असुरक्षित’ अशी मांडली जाई. २०२१ साली पहिल्यांदा गवताळ प्रदेशातला हत्ती आणि दाट जंगलातला हत्ती अशा दोन प्रजाती वेगळ्या मोजल्या गेल्या. वेगळं मोजताच चित्र पालटलं. गवताळ प्रदेशातला हत्ती ‘संकटग्रस्त’ निघाला आणि जंगलातला हत्ती ‘अतिसंकटग्रस्त’. जंगलातल्या हत्तींची संख्या ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून जास्त घसरली होती. त्या वर्षी एका दिवसात हत्ती कमी झाले नव्हते. घसरण आधीपासून चालू होती. एकत्र बेरजेत ती पुरती दिसत नव्हती.

स्वतःला विचारा: माझ्या भोवती मी कोणकोणत्या जिवांना एकाच बेरजेत टाकलं आहे? ‘बेडूक’ म्हणतो तेव्हा त्यात किती वेगवेगळे जीव असतात? ‘गवत’ म्हणतो तेव्हा? ‘कोळी’, ‘पाकोळी’, ‘शेवाळ’? उत्तराची घाई नाही. या शब्दांमागे गर्दी आहे, एवढं जाणवू द्या.

✻

आता आपण सह्याद्रीत जाऊया. आंबोलीला. मृगाच्या आधीचे दिवस, वळवाची एखादी सर येऊन गेलेली. जांभ्या दगडाच्या सड्यावर उथळ डबकी साचली आहेत, बोटभर पाण्याची. त्या ओल्या दगडावर एक छोटा भेक बसला आहे. अंगावर पिवळसर-नारिंगी पट्टे, वाघासारखे.

अशा डबक्यांत त्याची वीण होते. पाऊस फार लांबला तर पाणी आटतं, फार कोसळला तर वाहून जातं. त्या मधल्या थोड्या दिवसांत अंडी, पिल्लं, सगळा संसार. त्याच काळात घाटरस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या जात असतात आणि रस्ता ओलांडणारे भेक चाकाखाली येतात.

या भेकाची वेगळी प्रजाती म्हणून ओळख पटली २००९ साली. कोयनेच्या परिसरातला त्याचा नातलग १९६३ सालीच नोंदला गेला होता. दोघांना मिळून एक स्वतंत्र वंश मानला गेला, आणि तो फक्त आपल्या पश्चिम घाटातला. आंबोलीचा भेक जगात फार थोड्या जागेत आहे हे कळलं, म्हणून त्याचं नाव अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेलं. ओळख पटण्याआधीही तो त्याच सड्यावर होता. त्याच्यावरून गाड्याही जात होत्या. पण तेव्हा रस्त्यावर मरत होता तो ‘एक बेडूक’. आता मरतो तो जगातल्या मोजक्यांपैकी एक. मरण तेच आहे. आपली जबाबदारी मात्र बदलली आहे, कारण आता आपल्याला माहीत आहे.

तिथून फार लांब जायला नको. आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम आहे, देऊळ आहे, कुंड आहे. त्या पाण्यात एक छोटा मासा राहतो. २०२० साली संशोधकांनी त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि नदीचंच नाव त्याला दिलं: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं त्या कुंडाचा परिसर, २.११ हेक्टर, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला.

हा क्रम मनात सावकाश फिरवून पाहा. पाणी होतं. पाण्यात मासा होता. माणसं तिथे नमस्कार करत होती. मग कोणीतरी मासा हातात घेऊन पाहिला, त्याचे पर मोजले, अंगावरच्या खुणा टिपल्या, जवळच्या नात्यातल्या माशांशी ताडून पाहिलं, आणि लिहिलं की हा दुसरा कोणी नाही, हा हाच आहे. त्या लिहिण्यातून कायद्याला धरायला काही मिळालं. कायदा नुसत्या कौतुकावर चालत नाही. त्याला यादी लागते, यादीला नाव लागतं, आणि त्या नावामागे कोणाचीतरी प्रामाणिक तपासणी लागते. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही अनुसूचींवर उभा आहे. कोणता जीव कोणत्या अनुसूचीत, यावर गुन्हा केवढा आणि शिक्षा केवढी हे ठरतं. म्हणून तपासणी नाक्यावर पिशवीतून निघालेलं कासव किंवा कातडं कोणत्या प्रजातीचं, हा प्रश्न तिथल्या वनरक्षकासाठी पुस्तकी नसतो. खटला उभा राहणार की नाही, ते त्याच्या उत्तरावर असतं.

त्या वनरक्षकाला मनासमोर आणा. त्याच्या हातातल्या कासवाकडे त्याच्या नजरेनं पाहा. कवचावरची नक्षी, कडा, पोटाखालचा रंग. त्याला ओळखता यावं, अशी इच्छा मनात धरा.

✻

पुढचा टप्पा अवघड आहे. आतापर्यंत आपण पाहिलं की ओळख न पटल्यानं जीव दुर्लक्षित राहतो. आता पाहूया की ओळख चुकली तर प्रेमानं केलेलं कामही घात करतं.

चीनमधल्या डोंगरी नद्यांमध्ये महाकाय सॅलमँडर राहतो. जगातल्या सर्वांत मोठ्या उभयचरांपैकी एक, माणसाच्या उंचीइतका वाढू शकणारा. खाण्यासाठी त्याची प्रचंड शिकार झाली. मग त्याची शेती सुरू झाली, आणि जंगलातली संख्या सावरावी म्हणून शेतीत वाढवलेले प्राणी नद्यांमध्ये सोडले जाऊ लागले. हेतू चांगला होता. सगळे एकाच प्रजातीचे, असंच मानलं गेलं होतं.

२०१८ साली जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याला एक समजत होतो त्यात निदान पाच वेगळ्या वंशरेषा आहेत, लाखो वर्षांपूर्वी एकमेकींपासून दुरावलेल्या, आपापल्या नद्यांच्या खोऱ्यांत घडलेल्या. शेतीत त्या सगळ्या एकमेकींत मिसळल्या गेल्या होत्या. आणि तेच मिश्र प्राणी नद्यांमध्ये सोडले जात होते. ज्यांना वाचवायचं होतं त्यांचं वेगळेपण वाचवण्याच्या प्रयत्नातच पुसलं जात होतं.

इथे कोणाला दोष देण्याची घाई नको. सोडणाऱ्यांच्या मनात माया होती. फक्त एवढं बघूया की मायेला ज्ञानाची जोड लागते. वाचवायचं म्हणजे कोणाला वाचवायचं, हे आधी नीट कळावं लागतं. एक खोरं आणि दुसरं खोरं यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड असते. माणूस ती एका दिवसात ओलांडतो. पाण्यातला जीव ती लाखो वर्षं ओलांडत नाही. त्या वेळेत तो दुसराच कोणी होतो.

लाखो वर्षं. आपल्या मनाला हा आकडा पेलत नाही. न पेलू दे. तो मोठेपणा नुसता समोर असू द्या.

✻

आणि आता त्या रेषेकडेच पाहूया. ती कोणी ओढली? आपण. माणसांनी. लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांची नावं पद्धतशीर दिली, तिथून आजवर वीस लाखांच्या आसपास प्रजातींना नावं मिळाली. पण निसर्गात कुठेही रेषा आखलेली नाही. तिथे वंश वाहत येतात, फुटतात, कधी पुन्हा मिळतात. कुठे फूट पुरती पडली आणि कुठे अजून पडते आहे, हे पुराव्यावरून ठरवावं लागतं. पुरावा बदलला की रेषा सरकते.

न्यूझीलंडचा टुआटारा याचं उदाहरण आहे. सरड्यासारखा दिसतो, पण सरडा नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका फार जुन्या गणातला तो एकटा उरलेला. १८९५ पासून तिथे त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कायद्यानं त्याला एकच प्रजाती मानलं. १९९० साली संशोधकांनी दाखवून दिलं की नॉर्थ ब्रदर नावाच्या छोट्या बेटावरचे टुआटारा वेगळी प्रजाती आहेत आणि वर्गीकरणाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे काही बेटांवरचे टुआटारा कोणाच्या लक्षात न येता संपले. त्यानंतर नॉर्थ ब्रदरच्या टुआटारांना खास काळजी मिळाली. वीसेक वर्षांनी अधिक खोल जनुकीय अभ्यास झाला आणि निष्कर्ष निघाला की प्रजाती एकच.

मग ती काळजी वाया गेली का? हा प्रश्न स्वतःला विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका.

माझं मन असं सांगतं की ती वाया गेली नाही. त्या बेटावरचे टुआटारा वेगळी प्रजाती नसतील, तरी ते त्या बेटाचे आहेत, त्यांचा इतिहास त्यांचा आहे, त्यांच्यात जे आहे ते इतर बेटांवर जसंच्या तसं नाही. प्रजातीचा दर्जा हा आपल्याला जागं करणारा एक मार्ग आहे. जाग आल्यावर त्या दर्जाच्या पलीकडचंही दिसावं. रेषा कच्च्या हातानं ओढू नये आणि एकदा ओढली म्हणून तिला चिकटूनही बसू नये.

आपल्या रानपिंगळ्याचीही एक रेषा सरकली. ह्यूम यांनी त्याला अगदी स्वतंत्र वंशात ठेवलं होतं. सापडल्यानंतर बऱ्याच अभ्यासकांना तेच योग्य वाटत होतं. २०१८ साली भारतीय संशोधकांनी जनुकांवरून दाखवलं की तो साध्या पिंगळ्याच्याच वंशातला आहे. नातं जवळचं निघालं. तरी दोघं दोनच राहिले. पुनःशोधानंतर तोरणमाळ, मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातलं खंडवा आणि पुढे २०१४ साली थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातून त्याच्या नोंदी मिळाल्या. त्याच २०१८ साली लाल यादीतली त्याची पायरी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी आली. प्रौढ पक्षी आजही हजाराच्या आत असावेत असाच अंदाज आहे. नातं कितीही जवळचं ठरलं तरी त्याचं रान तुटलं तर त्याची जागा साधा पिंगळा भरून काढणार नाही. ही गोष्ट कोणत्याही वर्गीकरणात बदलत नाही.

✻

आता मन थोडं पसरू द्या. ज्यांची नावं आहेत त्यांच्यापलीकडे जाऊया.

लाल यादीत दीड लाखांहून जास्त प्रजातींचं मूल्यमापन झालं आहे. नाव मिळालेल्या वीस लाखांच्या मानानं ते थोडंच आहे. त्यातही एक रकाना ‘अपुरी माहिती’ असा आहे. त्या रकान्यातल्या जिवाला कोणी सुरक्षित म्हटलेलं नसतं आणि धोक्यातही म्हटलेलं नसतं. तो थांबलेला असतो. आणि त्याच्याही पलीकडे असे जीव आहेत ज्यांना अजून कोणी वेगळं ओळखलंच नाही. पश्चिम घाटात गेल्या पंचवीस वर्षांत बेडूक, पाली, खेकडे, मासे यांच्या नव्या नव्या प्रजाती नोंदल्या जात आहेत. या नव्यानं जन्मलेल्या नाहीत. त्या होत्याच.

त्या न ओळखलेल्यांसाठी मनात थोडी जागा करा. कदाचित आत्ता एखाद्या सड्यावर खाणीची मोजणी चालू असेल. कदाचित एखादा झरा नळात घेतला जात असेल. तिथे काय आहे हे ना तोडणाऱ्याला माहीत, ना थांबवू पाहणाऱ्याला. अज्ञान दोन्हीकडे आहे. म्हणून वर्गीकरण करणाऱ्यांचं काम मला करुणेचं काम वाटतं. रात्री पावसात टॉर्च घेऊन बेडकाचा आवाज टिपणारे, सूक्ष्मदर्शकाखाली खेकड्याचे अवयव पाहणारे, जुन्या चिठ्ठ्यांची अक्षरं लावणारे. यातल्या फार थोड्यांची नावं वर्तमानपत्रात येतात. अशी माणसं कमी आहेत आणि त्यांना शिकवणाऱ्या जागाही कमी आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञता मनात येत असेल तर ती येऊ द्या. आणि कृतज्ञतेबरोबर हाही विचार येऊ द्या की आपल्या विद्यापीठांनी, संग्रहालयांनी, सरकारनं या कामाला बळ द्यायला हवं, आणि ते मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

✻

शेवटी स्वतःकडे येऊया.

आपण तज्ज्ञ नसू. पण आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि नोंदी करण्याची साधनं आहेत. पक्षिमित्रांच्या, फुलपाखरं पाहणाऱ्यांच्या नोंदींवर आता संशोधक खरोखर अवलंबून असतात. म्हणजे ते चिठ्ठी लिहिण्याचं काम थोडं थोडं आपल्याकडेही आलं आहे.

तेव्हा चार गोष्टी मनाशी ठरवूया, एकेक करून, प्रत्येकीजवळ थांबत.

जे दिसलं ते पुरतं पाहीन. नाव सुचायच्या आधी डोकं, पाठ, पोट, पाय, वागणूक, जागा, वेळ पाहीन. नाव लवकर सुचलं की पाहणं थांबतं, हे लक्षात ठेवीन.

जिथे दिसलं तिथलंच ठिकाण लिहीन, ज्या दिवशी दिसलं तीच तारीख लिहीन. जास्त दुर्मीळ वाटावं म्हणून काही वाढवणार नाही. ज्या जिवाचा ठिकाणा उघड केल्यानं त्याला पकडायला लोक जातील, त्याचं ठिकाण फक्त जबाबदार माणसांनाच सांगीन.

ओळख पटली नाही तर ‘ओळखलं नाही’ असंच लिहीन. ती कमीपणाची नोंद नाही. तिच्याकडे पुढे जाणकार परत येऊ शकतो. खोट्या खात्रीनं लिहिलेल्या नावाकडे कोणी परत येत नाही.

आणि माझी नोंद चुकीची निघाली, एखादी रेषा सरकली, तर बदल मान्य करीन. त्या जिवाचं खरं कळणं माझ्या बरोबर ठरण्यापेक्षा मोठं आहे.

हे चार संकल्प साधे आहेत. पण त्यांचं वजन किती असू शकतं ते आपण पाहिलं आहे. एका माणसानं खोटी चिठ्ठी बांधली आणि शोधणारे चुकीच्या वाटेला लागले. दुसऱ्यानं खानदेशातल्या रानात आपण काय पाहिलं आणि कुठे पाहिलं ते सरळ लिहून ठेवलं. आपण लिहिलेलं कधी कोणाच्या उपयोगी पडेल हे त्याला ठाऊक नव्हतं. ११३ वर्षांनी त्या खऱ्या नोंदींच्या आधारानं माणसं त्या रानात पोचली आणि पक्षी तिथे होता.

आज आपण लिहिलेली एखादी ओळही अशीच कोणालातरी लागणार आहे. ती खरी असेल एवढं पाहणं आपल्या हातात आहे.